अकरा पांढऱ्या पट्ट्या

आमच्या घरातल्या गाडीचं नाव बगळी. रंग पांढरा, नाक लांब आणि एका जागी दिवसेंदिवस उभं राहायची सवय, त्यामुळे हे नाव तिला आपोआपच चिकटलं. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे आणि या घरात माझ्या कितीतरी आधी आलेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे मला नीट समजावून सांगण्यात आलं. सांगणारे माझे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी चाळीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं, तीन वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून ते बंद केलं, आणि तेव्हापासून त्यांचा मुक्काम गॅरेजमध्येच असतो. जेवायला आणि झोपायला तेवढे घरात येतात.

सासूबाईंचं आणि बगळीचं कधीच पटलं नाही. त्या तिचं नाव घेत नाहीत. "तुमची ती" एवढाच उल्लेख. माझ्या नवऱ्याला लहानपणी दर रविवारी तिची चाकं धुवावी लागायची, त्यामुळे त्याने मोठं झाल्यावर तिच्याशी संबंधच तोडले. उरले मी. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि नमुने एकमेकांत मिसळू न देणं यातच माझा दिवस जातो. अण्णांना वाटतं की यांत्रिक डोकं असलेली घरात मी एकटीच. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही, कारण सुनेबद्दल एवढं चांगलं मत फुकट मिळत असेल तर कोण सोडेल?

तर त्या सोमवारी सकाळी सगळे चहाला बसलेले असताना सासूबाईंनी विषय काढला.

"अहो, वास येतोय."

"कसला?" अण्णा पेपरातून.

"कसला म्हणजे? तुमच्या तिचा. पेट्रोलचा. चार दिवस झाले, मी सांगतेय आणि तुम्ही हूं हूं करताय."

"जुन्या गाडीला थोडा वास असायचाच."

"थोडा?" सासूबाईंनी कप बशीत ठेवला तो जरा जोरातच. "त्या खोलीत जाऊन उभे राहा दोन मिनिटं. आणि मग मला सांगा थोडा म्हणजे किती ते."

ती खोली म्हणजे माझ्या नणंदेची. गॅरेजला अगदी लागून, मधे एक भिंत आणि त्या भिंतीत वर एक झरोका. नणंदेला मुलगी झाली होती. बाळ जरा घाईनेच या जगात आलं, म्हणून डॉक्टरांनी दोघींना ठेवून घेतलं होतं आणि रविवारी दुपारी बारा वाजता सोडणार होते. त्या थेट इथेच येणार होत्या, त्याच खोलीत, कारण घरात दुसरी रिकामी खोली नाही. एवढ्याशा जिवाने पेट्रोल हुंगत झोपायचं, हे सासूबाईंनाच काय, मलाही पटण्यासारखं नव्हतं.

सासूबाई नुसती तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. चौकातल्या नव्या हॉटेलच्या मालकाला बगळी कधीपासून हवी होती. हॉटेलच्या दारातच, आत शिरल्या शिरल्या, ती उभी करायची होती त्याला. इंजिन काढून टाकणार, काचा काढणार आणि मागच्या सीटवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवणार. लोक बाजूला उभे राहून फोटो काढतील.

"कुंड्या?" अण्णा म्हणाले.

"त्याला मी रविवारी अकराला बोलावलंय," सासूबाई म्हणाल्या. "तोवर वास गेला, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. नाही गेला, तर किल्ली त्याच्या हातात देईन. बारा वाजता बाळ घरात यायच्या आत काय ते एक व्हायला हवं."

अण्णांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गॅरेजमध्ये निघून गेले. मला त्यांची दया आली. माझ्या सासऱ्यांना व्यसन नाही, मित्र दोनच, सिनेमात झोप लागते. आनंदाने करतात अशी जगात एकच गोष्ट, आणि तिच्यात कुंड्या.

मंगळवारी मिस्त्री आला. हा मिस्त्री बगळीला गेली वीस वर्षं बघतोय आणि वीस वर्षं अण्णांशी भांडतोय. तो येणार म्हणून अण्णांनी सकाळीच हातपंपाने टाकीतलं पेट्रोल दोन डब्यांत काढून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. टाकीत उरलं असेल दोन-तीन लिटर. माणूस गाडीखाली शिरणार, दिवा घेऊन शिरणार, उगाच जोखीम नको. दुकानात आयुष्यभर भक्कन पेटणाऱ्या द्रव्यांशी गाठ असल्याने अण्णा याबाबत फार काटेकोर आहेत.

मिस्त्री डोक्याला बॅटरीचा दिवा बांधून तासभर गाडीखाली होता. मग बाहेर आला, पुढचं बॉनेट उघडलं, पेट्रोलचा पंप बघितला, कार्बोरेटर बघितला, नळ्यांवरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. "थेंब नाही," त्याने जाहीर केलं. "गाडी कोरडी ठणठणीत आहे. वास बाईंच्या डोक्यात आहे."

हे तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहून म्हणाला. त्याला त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही.

पण गंमत म्हणजे मंगळवारी दुपारपासून वास खरोखरच कमी झाला. बुधवारी तर जवळजवळ नव्हताच. अण्णा छाती काढून फिरायला लागले. "बघितलंस?" मला दोनदा म्हणाले. सासूबाईंना म्हणायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी ते बगळीला घेऊन पंपावर गेले आणि टाकी भरून आणली, तीही गळ्यापर्यंत, झाकणाशी पेट्रोल दिसेपर्यंत. अर्ध्या टाकीने गाडी चालवणं म्हणजे अर्ध्या पोटी माणसाला कामाला लावणं, असं त्यांचं म्हणणं आहे.

गुरुवारी सकाळी मी दात घासत अंगणात आले आणि तोंडातला ब्रश तसाच राहिला. गॅरेजच्या बाहेर दहा पावलांवर डोकं धरावं असा वास. पेट्रोल पंपावर बिछाना घातल्यासारखं वाटत होतं. अण्णा आत बगळीचा आरसा पुसत उभे होते, मजेत, शीळ घालत.

"अण्णा! केवढा वास येतोय!"

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट, क्षणभर. मग नाक जरा वर करून म्हणाले, "हो गं. येतोय खरा."

तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर पुष्कळ वाटलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. बॅटरीची तार काढली, दारं सताड उघडली, सासूबाईंनी स्वतःहून त्या बाजूचा पाणी तापवायचा बंब बंद केला. अण्णांनी एका कागदावर पेट्रोलचा रस्ता काढला. मागे टाकी. तिथून लोखंडी नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते, मधे मधे रबरी तुकडे जोडलेले, मग पंप, पंपाखाली गाळ साठायची काचेची वाटी, मग कार्बोरेटर. जिथे एक वस्तू दुसरीला जोडली आहे तिथे गळायची शक्यता, कारण मधलं रबर किंवा बूच म्हातारं होतं. आम्ही मोजले तर असे सांधे अकरा निघाले.

"मिस्त्रीसारखं बोट फिरवून नाही कळायचं," अण्णा म्हणाले. "आपण आपल्या पद्धतीने करू."

आपली पद्धत म्हणजे दुकानाची. त्यांनी माळ्यावरून एक पांढरी चादर काढली. कोणीतरी धुवायला टाकून कधी न्यायलाच न आलेली. तिच्या बोटभर रुंदीच्या अकरा पट्ट्या फाडल्या. प्रत्येकीच्या टोकाला न पुसणाऱ्या शाईने आकडा घातला, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना घालायचे तसा. आणि प्रत्येक सांध्याला एक पट्टी गुंडाळून गाठ मारली. एक नंबर टाकीच्या तोंडाशी. दोन नंबरसाठी मला डिकीत उकिडवं बसून तळातला पत्र्याचा एक गोल तुकडा उचलावा लागला. त्याच्याखाली टाकीचा माथा होता आणि त्यावर पाच स्क्रूंनी बसवलेलं एक वाटोळं झाकण. पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा ज्याच्यामुळे हलतो, तो तरंगता गोळा त्या झाकणातून आत सोडलेला असतो. अशा करत करत आम्ही अकरा नंबरपर्यंत, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचलो. बगळी जखमी शिपायासारखी दिसायला लागली. मला तर हे सगळं फारच आवडलं. आमच्या प्रयोगशाळेतही इतक्या शिस्तीत काम होत नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही पट्ट्या सोडल्या. मी लगेच बघायला झेपावले तर अण्णांनी थांबवलं.

"ओल्या कापडावर डाग वाचायचा नसतो. आधी वाळू दे."

त्यांनी अंगणातल्या टेबलावर पट्ट्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीच्या टोकावर एक खडा ठेवला आणि अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. मग त्यांनी दुकानातलं भिंग काढलं. एकेक पट्टी डोळ्यांशी धरून ते वाचत गेले आणि खरं सांगते, बघत राहावं असं होतं ते.

"चार नंबर, ग्रीस. जुनं आहे, पाच-सहा वर्षांचं. सहा, गंज. सात, इंजिनाचं ऑइल, हे वरून ओघळलंय. आठ नंबर... हा चहा."

"चहा?"

"मिस्त्रीचा हात." त्यांनी आठ नंबर बाजूला टाकली. "बाकी स्वच्छ. पेट्रोल कुठेच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की मीसुद्धा मान हलवली. आणि हलवता हलवता थांबले. मी नवी नवरी असताना माझ्या आवडत्या ड्रेसवर तेल सांडलं होतं. अण्णांनी तो दुकानात नेऊन पेट्रोलसारख्याच कसल्याशा द्रव्याने पुसून दिला होता आणि अगदी प्रेमाने शिकवलं होतं की बघ, हे येतं, डाग उचलतं आणि उडून जातं, मागे स्वतःची काही खूण ठेवत नाही. अख्खा धंदा त्याच्यावर चालतो.

"अण्णा," मी म्हटलं, "पेट्रोल डाग कुठे ठेवतं? आपण वाळवल्या पट्ट्या. आता बघून काय कळणार?"

ते भिंग पुसायला लागले.

"हुंगायला हवं ना," मी म्हटलं.

"हुंगल्या की मी."

नव्हत्या हुंगल्या. मी अर्धा तास त्यांच्यासमोर बसले होते. एकही पट्टी नाकापर्यंत गेली नव्हती.

मी एकेक पट्टी उचलली आणि वास घेतला. एक नंबर, काही नाही. दोन नंबर नाकाजवळ आणली आणि डोकं मागे गेलं. बाकीच्या नऊही हुंगल्या, शिस्त म्हणून. फक्त दोन. टाकीच्या माथ्यावरचं गोल झाकण.

आता मी ओरडून सांगायला हवं होतं. पण कालची सकाळ आठवली, ती शीळ, आणि उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघणं. मी ओढणी नाकावरून डोळ्यांपर्यंत ओढून घेतली, म्हणजे चेहरा दिसायला नको, आणि दोन पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. दोन नंबर आणि दहा नंबर, आकडे मुठीत झाकून.

"अण्णा, यातल्या एकीला वास आहे. कुठलीला?"

त्यांनी दोन्ही हुंगल्या. पुन्हा हुंगल्या. मग माझ्याकडे बघितलं, पण बघायला तिथे फक्त ओढणी होती.

"ही," ते म्हणाले. दहा नंबर.

मी मूठ उघडली. त्यांना कळलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि एकदम खूप म्हातारे दिसायला लागले.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "तो मोठा ताप आला होता बघ मला. त्यातून उठलो आणि वास गेलेला. म्हटलं येईल, सर्दीसारखं असेल. नाहीच आला."

"कसलाच?"

"कसलाच नाही. दुकानात एक दिवस एक बाई कोट परत घेऊन आल्या. म्हणाल्या, नाकाला लावून बघा, सगळा औषधाचा वास मारतोय. मी लावून बघितला. मला नुसता कोट. तेव्हाच ठरवलं, आता बास. गुडघ्यांचं नाव सांगितलं आणि शटर ओढलं."

"डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. गुपचूप. म्हणाले, कधी येतो, कधी येत नाही."

"आणि आईंना नाही सांगितलं?"

"काय सांगणार? आधी वाटलं, बरं होईल, कशाला सांगा. मग सांगायची वेळच निघून गेली. आणि आता हे पेट्रोल." त्यांनी हात जोडल्यासारखे केले आणि लगेच खाली घेतले. "सूनबाई, तिला कळलं तर गाडी आजच जाईल. नाक नसलेल्या माणसाच्या ताब्यात कोण ठेवील? आणि तिचं काही चुकलं असं मला म्हणताही येणार नाही."

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. मी ते लपवलं नाही. बाळाची खोली भिंतीला लागून, त्यात हा माणूस चार दिवस थोडा वास असायचाच म्हणत राहिला आणि त्याला स्वतःला माहीत होतं की आपल्याला कळूच शकत नाही. मी हे सगळं त्यांना सांगितलं. सासऱ्यांशी या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

"गळती मी दुरुस्त करून घेते," शेवटी मी म्हटलं. "पण आईंना तुम्ही सांगायचं. रविवारपर्यंत. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"हॉटेलवाला परत गेल्यावर सांगितलं तर चालेल?" त्यांनी विचारलं. मी दोन नंबरची पट्टी उचलली आणि मिस्त्रीला फोन लावायला घरात गेले.

शनिवारी मिस्त्री पुन्हा आला. दोन नंबरची पट्टी मी त्याच्या नाकाशी धरली तेव्हा त्याने स्वतःच कपाळावर हात मारला. पाच स्क्रू काढून झाकण उचललं तर खालची बुचाची चकती वाळून बिस्किटासारखी झालेली, बोट लावल्यावर तुकडे पडले. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल त्या चकतीला टेकायचं आणि तिथून पाझरून टाकीच्या माथ्यावर पसरायचं आणि उडून जायचं. खाली थेंब पडायचा प्रश्नच नाही. आणि मंगळवारी तर अण्णांनी काळजीपोटी टाकीच रिकामी केली होती, मग मिस्त्रीला काय कपाळ सापडणार होतं! इतकी सावध माणसं नसती तर गळती पहिल्याच दिवशी मिळाली असती.

मिस्त्रीने टाकी पुन्हा रिकामी केली, बुचाच्या पातळ तक्त्यावर जुनी चकती ठेवून ब्लेडने नवी कापली, पाचही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मग आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरली. मी नवी पट्टी गुंडाळली. मिस्त्री जाताना खिडकीखाली थांबला आणि म्हणाला, "बाईंचं नाक बरोबर होतं हो." त्याला दोन कप चहा मिळाला.

रविवारी सकाळी मी पट्टी सोडली. वाळवायला न ठेवता तिथेच हुंगली. कापडाचा वास. बास.

साडेदहाला सासूबाई गॅरेजमध्ये आल्या. आल्या म्हणजे तपासणीलाच आल्या. डिकीजवळ वाकल्या, बॉनेटजवळ वाकल्या, नणंदेच्या खोलीत जाऊन झरोक्याखाली उभ्या राहिल्या, परत आल्या. अण्णा बगळीच्या दाराला धरून उभे. मी कोपऱ्यात, हातात ती पट्टी घेऊन.

"गेला," सासूबाई म्हणाल्या.

अण्णांचा श्वास मला ऐकू आला.

"आज गेला," सासूबाई पुढे म्हणाल्या. "उद्या दुसरीकडून गळेल. म्हातारी आहे, गळणारच. मी काही रोज येऊन हुंगत बसणार नाही, मला बाळाचं करायचंय. तुम्ही इथे दिवसभर असता. वास आला की लगेच बघाल, एवढा शब्द द्या. तुम्ही शब्द दिलात की माझं काही म्हणणं नाही. हॉटेलवाल्याला मी चहा पाजते."

फक्त हो म्हणायचं होतं. मनात आलं, म्हणून टाका अण्णा, मी घेत जाईन वास रोज सकाळी, कोणाला कळणार आहे? शुक्रवारचा माझा सगळा ताठा त्या क्षणी गळून गेला, हे कबूल करते. त्यांचा चेहराच तसा झाला होता.

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. बघितली. आणि सासूबाईंच्या हातात ठेवली.

"नाही देता येणार शब्द," ते म्हणाले. "मला वास येत नाही. पेट्रोलचा नाही, कसलाच नाही. चार वर्षं झाली. तुला सांगितलं नाही, चुकलं माझं. दे त्याला गाडी."

सासूबाई किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आग पडणार. पेट्रोल नसलं तरी पडणार.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्या तापानंतर."

"हो."

"स्वयंपाकाचा?"

"नाही."

"फोडणीचा?"

"नाही गं. कसलाच नाही."

"तुम्ही दुकानातून आलात की दारातूनच ओरडायचात," सासूबाई म्हणाल्या. "चपला काढायच्या आधी. काय शिजतंय आज, गल्लीच्या तोंडापर्यंत वास आलाय म्हणून. पस्तीस वर्षं ओरडलात. मग एक दिवस बंद झालात. मी काय काय करून बघितलं. तुमच्या आवडीचं केलं, नवं शिकून केलं. तुम्ही खाली मान घालून जेवायचात आणि तिच्याकडे पळायचात." तिच्याकडे म्हणताना त्यांनी बगळीच्या टपावर हात आपटला. "मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. मग वाटलं, चव नाही, माझाच कंटाळा आला असेल. या वयात कोणाला विचारू असलं?"

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. स्वतःचं लपवण्यात ते इतके गुंतले होते की समोरच्या बाईला काय दिसत असेल, हे त्यांनी चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं, आणि मी तर रोज त्या स्वयंपाकघरात असते.

"अगं वेडे," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

फाटकाशी हॉर्न वाजला. हॉटेलवाला वेळेचा पक्का होता. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि तरातरा बाहेर गेल्या. मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"गाडी द्यायची नाही. नाही, भावाचा प्रश्न नाही. आमचं ठरलंय. चहा? आज नाही जमायचं, घरात बाळ येतंय."

परत आल्या आणि किल्ली आपल्या कमरेला अडकवली.

"ही माझ्याकडे राहील. सकाळी मी येऊन हुंगणार, मी हो म्हटलं तरच चालू करायची. आणि दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा वास कळत नसेल तर मला विचारायचं. लपवायचं नाही. कळलं?"

"कळलं," अण्णा शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

"आणि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"शुक्रवारपासून," मी म्हटलं.

"बघते तुझ्याकडे नंतर," त्या म्हणाल्या. अजून बघितलेलं नाही.

बाराऐवजी पाऊण वाजता माझ्या नवऱ्याने नणंदेला आणि बाळाला आणलं. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, मूठभर तोंडाची, झोपलेली मुलगी. ती आधी आजीकडे गेली, मग माझ्याकडे, मग मामाकडे, आणि जो तो तिला घेतल्यावर तेच करत होता. मान वाकवायची, टाळूला नाक लावायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, अहाहा.

मग ती अण्णांच्या हातात आली. त्यांनीही मान वाकवली. सवयीने टाळूला नाक लावलं, श्वास आत घेतला, आणि तसेच थांबले. सगळे हसत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंचं होतं.

अण्णांनी वर बघितलं. "कसा येतोय गं?" हळूच विचारलं.

सासूबाई जवळ आल्या. वाकून बाळाच्या डोक्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांना असलं कधी सांगावं लागलं नव्हतं, शब्द सापडेनात.

"दुधाचा आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसता दुधाचा नाही. थोडा कोमट. म्हणजे... उन्हात वाळलेलं कापड दोरीवरून काढतो ना, ते तोंडाशी धरल्यावर येतो तसा."

अण्णांनी विचार केला.

"सुती?"

"सुती."

"इस्त्री व्हायच्या आधीचं की नंतरचं?"

सासूबाईंनी आणखी एकदा नाक लावलं. "आधीचं."

"हां," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा बाळाच्या डोक्यावर वाकले. "आला."